वहीतले ‘किरकोळ’ दोन तास

३ मार्च

ती. दादास शि. सा. न.

मी शिवण शिकत होते तेव्हा तू म्हणाला होतास की, माझ्या हाताला वेग आहे पण दिवसाला बूड नाही. मी आठवडाभर अबोला धरला होता. आता वाटतं, खरं तेच बोललास.

नाट्यगृहाचे वीस पडदे पंधरा तारखेला द्यायचेत; झालेत पाच. वेळेत दिले तर वर्षभराचं काम आपलं, नाहीतर तयार पडदे आणू, असं तिथल्या व्यवस्थापकांनी हसत हसत सांगितलंय. मी दिवसभर मशीनवर असते, आत्याही शेजारच्या मशीनवर असते, तरी दिवसाला एकच पडदा उतरतो. शेवटी आठवडाभर दिवसाचा सगळा हिशोब वहीत लिहिला. पानं सोबत पाठवतेय. तू जन्मभर बसगाड्यांची वेळापत्रकं आखलीस; बघ माझी गाडी कुठे अडते. फार हसू नकोस.

तुझी,
ठमी

६ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पानं दोनदा वाचली. हसलो एकदाच, ‘वही लिहिणे : वीस मिनिटं’ या नोंदीला.

आमच्याकडे गाडी उशिरा आली की चालक म्हणायचे, वेग वाढवतो. मी म्हणायचो, आधी थांबे दाखव. तुझा वेग ठीक आहे. पण रोज पाच ते सात तू नुसतं ‘किरकोळ’ लिहिलंयस. बाकी चहाच्या कपाचीही नोंद, आणि इथे मात्र हातचं राखलंस? दोन तास किरकोळ नसतात, बाई. डुलक्या काढतेस की कादंबऱ्या वाचतेस? खरं कळव. रागावणार नाही, रागावलोच तर तुझी वहिनी आहे माझा कान धरायला.

सगळ्यांची आठवण काढतो.
दादा

१४ मार्च

ती. दादास शि. सा. न.

डुलक्या नव्हत्या रे. आत्या पाचला घरी गेली की मी तिची शिवण उसवून पुन्हा घालत होते. तिची टीप हल्ली वाकडी जाते. जिने मला सुईत दोरा ओवायला शिकवलं, तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून वहीतही लिहवेना.

तुझं पत्र आल्यावर मात्र धीर केला. सकाळी तिच्यापुढे उभी राहिले, आणि नेमकं रडू फुटलं. तिने शांतपणे चहा संपवला. म्हणाली, महिनाभर रोज सकाळी कापडावरून बोट फिरवते, टीप तुझी आहे हे कळत नाही होय? तुला तोंड कधी फुटतंय तेच बघत होते. वर सुनावलं की, तू थोडी धीट असतीस तर एव्हाना पडदे टांगून झाले असते!

मग मशीन सोडून तिने पडद्यांना कड्या लावायचं काम ओढून घेतलं. ते ती नुसत्या हाताच्या अंदाजाने करते, माझ्या दुप्पट वेगाने. विसावा पडदा काल गेला. वर्षभराचं काम मिळालं.

आता तिच्या डोळ्यांचं. डॉक्टरकडे यायला ती कबूल आहे, पण आधी दादाने स्वतःचे डोळे तपासून घ्यायचे, ही अट. तुझ्याही ओळी हल्ली डोंगर चढतात, ही चहाडी मीच केली. चष्म्याचं नाव काढलं की तू दोन-दोन महिने इकडे फिरकत नाहीस, तेव्हा उत्तर ठाऊक आहे. तरी विचारते: रविवारी येतोस?

रागावलास तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
ठमी