न बसलेले तुकडे

४ मार्च

आज अचानक ताई आठवली. शाळेतला शिवणाचा तास. खाकी कागदावर आखलेला फ्रॉकचा एकच साचा – एक टोक ती धरायची, दुसरं मी. त्याच साच्यावर तिचा फ्रॉक, माझा फ्रॉक, पुढे तिच्या लेकीचेही. घेर आणि उंची तेवढी बदलायची.

आठवण व्हायला कारण ती लेकच. आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले अहवाल डॉक्टरांच्या पडद्यावर पोचवणारी यंत्रणा नव्याने बांधायचं काम तिच्याकडे आलंय. नोंदींची प्रमुख मी, म्हणजे भाची माझ्याच डोक्यावर येऊन बसली! काही अहवाल वाटेत गळतात. कोणाचे, किती – कुणालाच पत्ता नाही. निवृत्तीआधी मला ते शोधायचंच आहे.

६ मार्च

भाचीने फळ्यावर चौकोन काढले. माहिती येते, तपासली जाते, रूप बदलते, पुढे जाते. ‘‘मावशी, हेही साचेच. एकदा आखले की रक्ताला तेच, लघवीला तेच, थुंकीलाही तेच. दर वेळी नव्याने बेतत बसायचं नाही.’’

इतक्या वर्षांनी आमचा तास पुन्हा भरला की!

७ मार्च

एका साच्याची गंमतच आहे. तोच अहवाल पुन्हा पाठवला तरी पलीकडे एकच दिसतो. खरं वाटेना, म्हणून पाठवतच राहिले. भाची म्हणाली, लिफ्टचं बटण दाबल्यासारखं काय दाबतेस, येईल ती एकदाच.

१० मार्च

गळती सापडली. अहवालावरचा क्रमांक ठरलेल्या मापाचा नसला की जुनी यंत्रणा तो अहवाल चक्क टाकून देते. ना आवाज, ना तक्रार!

मग न बसलेल्या तुकड्यांचं काय करायचं? शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर एक कपटाही फेकू देत नसत. सगळं चिंध्यांच्या पिशवीत, आणि शनिवारी पिशवी टेबलावर पालथी. भाचीला हे सांगितलं तर हसली. त्याचाही साचा आहे म्हणे – नाव मात्र ‘मेलेल्या पत्रांची पेटी’. मी म्हटलं, रुग्णालयात असली नावं नकोत, बाई. तिने निमूटपणे पडद्यावर लिहिलं – चिंध्यांची पिशवी.

१३ मार्च

जिना चढताना पुन्हा दम लागला. वय झालं! जानेवारीत कर्मचाऱ्यांच्या तपासणीत रक्त दिलं होतं, काही निरोप नाही. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक – इथे आम्ही सगळे असंच धरून चालतो.

१४ मार्च, शनिवार

जानेवारीपासूनचं सगळं नव्या साच्यांतून पुन्हा सोडलं. दुपारी पिशवी पालथी केली. एकजात कर्मचाऱ्यांचे अहवाल! आमच्या क्रमांकाआधी एक अक्षर असतं, तेवढ्यावरून बाद.

भाची एकेक मोठ्याने वाचत होती. मधेच थांबली. माझ्या हातावर हात ठेवला.

माझ्या नावापुढचा पांढऱ्या पेशींचा आकडा मी नीट निरखून पाहिला. जन्मभर दुसऱ्यांचे पाहिले, त्यामुळे समजावून सांगायला कुणी लागलं नाही. आधी बाकीच्यांना फोन केले. मग माझ्यासाठी डॉक्टरांना.

१६ मार्च

उशीर झालाय, पण उपचार आहेत म्हणतात. उद्या दाखल व्हायचं. म्हणून लिहून ठेवते –

ताईची शाल वहिनीला. शिवणयंत्र भाचीला. खाकी साचा यंत्राच्या खणात आहे, तोही तिलाच. घड्यांवर विरलाय, जपून उलगडावा.

चिंध्यांची पिशवी माझ्या खुर्चीवर जी कोणी बसेल तिला. दर शनिवारी पालथी करावी. रिकामी वाटली तरीही.