पळताना मोजलेला रक्तदाब

ती. बाबांना थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवतेय. शर्यतीतून माझं नाव काढलंय, त्यामुळे आरामच आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

परवा इथल्या दवाखान्यात मला यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवत रक्तदाब मोजला. आधी बसून मोजला तेव्हा नेहमीसारखा होता. वेग वाढवला तसा इतका चढला की डॉक्टरबाईंनी यंत्रच थांबवलं. मी म्हटलं, "अजून दम आहे माझ्यात." त्या म्हणाल्या, "दमाचं कोण विचारतंय, बाई? उतर खाली."

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण पळतं. मी धाकटीचं सांगितलं. आई पळताना चढावर कशी कोसळून गेली, तेही सांगितलं. आपण तेव्हा उन्हाला बोल लावला होता. बाईंनी फक्त आईचं तेव्हाचं वय विचारलं.

धाकटीला नुसतं खुर्चीत बसवून तपासू नका. ठणठणीत आहे म्हणतील. मलाही तेच म्हणायचे. पळताना मोजतात तिथे न्या. तोवर मैदान बंद. ती रडेल, तुम्हाला दुष्ट म्हणेल. म्हणू द्या.

बाबा, दोन्ही मुली घरात बसलेल्या बघायची सवय करून ठेवा.

तुमची,
थोरली