सगळे गोड बोलू लागले

५ सप्टेंबर
पोचले एकदाची बिश्केकला! वैद्यकीय नीतिशास्त्राच्या एम.ए.ला दूर डोंगरातल्या नारीनहून आलेली मी एकटीच. आईने पिशवीभर बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगे, तळून दिले होते; माझ्या खोलीतल्या बुरुलने बसल्या बैठकीला निम्मे फस्त केले. वर म्हणते कशी, नीतिशास्त्रवाल्यांनी वाटून खायचं असतं! आमचं जमणार.

१९ सप्टेंबर
आज वर्गात कडाक्याचं भांडण. आपल्याकडे कॅन्सर निघाला की डॉक्टर आधी घरच्यांना गाठतात, आणि घरचे पेशंटला सांगतात, साधा अल्सर आहे. मी म्हटलं, ही माया नाही, चोरी आहे. शरीर ज्याचं, बातमी त्याची. आमच्या प्राध्यापिका इरिसकुल एजे (एजे म्हणजे ताई, सगळे तसंच म्हणतात) हसल्या. म्हणाल्या, पोरी, जीभ आहे की सुरी?

११ ऑक्टोबर
वॉर्डात पाठवण्याआधी आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. बाकीचे सुटले, मला पुन्हा बोलावलं. पोट दुखतंच हल्ली. मी आपली खानावळीच्या मटणाला शिव्या घालतेय. डॉक्टरांनी माझ्या भावाचा, एर्मेकदादाचा, फोन नंबर मागून घेतला.

१४ ऑक्टोबर
अल्सर आहे म्हणे. साधा. सांगताना डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

१८ ऑक्टोबर
बुरुल हल्ली खाण्यावरून भांडत नाही. आपल्या ताटातलं मांस माझ्या ताटात सरकवते. आज वर्गात मुद्दाम अगदी मूर्खासारखं बोलले. इरिसकुल एजे म्हणाल्या, छान. ही बाई कुणाला छान म्हणत नाही —

२१ ऑक्टोबर
दादाला फोन केला. आवाज बसलेला. सर्दी झालीय म्हणाला. मी ओरडले, खरं सांग! तो म्हणाला, वेडी कुठली, जेवत जा नीट. डॉक्टरांकडे गेले, तर म्हणाले, भावाला विचार.

२४ ऑक्टोबर
मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं. सगळे हसतात. भीती वाटते. फार भीती वाटते.

२६ ऑक्टोबर
आई आली. एवढ्या बर्फातून. हसतेय, सारखी हसतेय. उन्हाळ्यात डोंगरावर तंबू टाकू म्हणते, तुझं लग्नही — माझे केस विंचरायला घेतले, आणि एकच बट पुन्हा पुन्हा विंचरत राहिली.
विचारायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं — मी म्हटलं, हो आई, जाऊ.
आता न्हाणीघरात नळ सोडून रडतेय. बाहेर आले की मीही हसेन. तिला कळू द्यायचं नाही, की मला —