दोब्रीच्या खिशातलं टोकन

२१ जानेवारी

माझ्या नवऱ्याला टोकन देऊन पाठवलं! पोटच्या पोराने!

काल दोब्रीला पुरलं. मी स्वयंपाकघरात मयताचा गहू उकडत होते, चुलीपासून हलता येईना. तिकडे खोलीत शवपेटीभोवती वाद — खिशात नाणं ठेवायचं ते कोणतं? मेलेल्याला वाटखर्चाला नाणं द्यायचं, एवढं साधं. आजवर कुणाला प्रश्न पडला नव्हता. पण या महिन्यात आपला जुना लेव्हही चालतो आणि नवा युरोही, आणि महिना सरला की लेव्ह बाद. सून स्नेझा म्हणे, "लेव्ह दिला तर बाबा मध्येच अडकतील." शेजारचा पेंचो म्हणे, "वरती कधी काही लवकर बदललंय का? लेव्हच द्या." पाद्री म्हणे, मला विचारू नका, हे पोथीत नाही. तेव्हा माझ्या रुमेनने खिशात हात घातला आणि गाड्या धुवायचं टोकन काढलं. "हे घ्या. दोन्हीकडे चालतं!"

लोक हसले म्हणे. मयताच्या खोलीत! आणि घातलं ते कोटाच्या खिशात.

मला आज कळलं. भांडी विसळताना स्नेझा बोलून गेली. आता माती पडल्यावर काय उकरू?

२२ जानेवारी

रुमेनशी बोलत नाही. मीठसुद्धा सुनेकडून मागते.

२५ जानेवारी

बोलले. म्हणजे शिव्या दिल्या. तो म्हणतो, "आई, गंमत केली गं. बाबांना आवडली असती."

आवडली असती! दोब्रीला ती टोकनं डोळ्यांसमोर नको होती. रस्त्याला लागून हे धुवायचे गाळे त्यानेच बांधले. गाडी आणा, पेटीत नाणं टाका, पाणी सुटतं, आपली गाडी आपण धुवा. इतकी वर्षं नाण्यावर चाललं. आता नवी नाणी आली, पेट्या बदलायला माणूस तोंडाला येईल ते मागायला लागला, म्हणून रुमेनने टोकनं करून आणली. फाटकाजवळच्या यंत्रात नोट घाला, टोकनं घ्या.

दोब्री तेव्हा भडकला होता. "नाण्याला बेकरीत पाव मिळतो, गुत्त्यात रकिया मिळते. तुझं हे चकतं आपल्या फाटकाबाहेर कुत्रंसुद्धा हुंगणार नाही!"

"म्हणूनच तर, बाबा. टोकन खिशात उरलं की गिऱ्हाईक परत इथेच येतं."

बाप-लेक नाताळापासून त्यावर भांडत होते. मग बाप मेला. हृदय. भांडणाने नाही — चरबीने.

३० जानेवारी

दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. पाण्याचा आवाज. बाहेर गेले तर तिसरा गाळा चालू. गाडी नाही, माणूस नाही. आकड्याला लटकलेल्या नळीतून फेस.

रुमेन जागचा हलला नाही. "थंडी आहे, आई. नळ्या गोठू नयेत म्हणून पाणी आपोआप सुटतं."

मला शिकवतो! थंडीचं पाणी सगळ्या गाळ्यांत एकदम सुटतं, करंगळीएवढं, आणि नुसतं पाणी. थंडीला साबण कशाला लागतो?

त्याने सूप ओरपलं.

२ फेब्रुवारी

परत. तिसराच.

५ फेब्रुवारी

आज खुर्ची घेऊन गेले आणि बसले. ऊन होतं. समोरच्या रस्त्यावरून ट्रक जात होते.

सुरू झालं. नळी आकड्यावरून सुटली, पण लोंबली नाही. सरळ राहिली. पाणी खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर जाऊन कशावर तरी आपटत होतं आणि माझ्याकडे उडत होतं. मग जरा पुढे. मग वळून पलीकडे. चार ठिकाणी. दोब्री आधी चाकं धुवायचा. टप वगैरे नंतर. "आधी पाय धू, मग तोंड," असं गिऱ्हाइकांना सांगून भंडावून सोडायचा.

मी म्हटलं, "दोब्री, टोकनाचा वेळ संपत आला."

पाणी थांबलं. नळी खाली पडली. ती उचलून मीच लावली. नळीची मूठ गरम होती.

घाबरले नाही. परत खुर्चीवर बसले.

बसल्या बसल्या सगळं डोक्यात शिरलं. तो वर गेला असणार. पुढे केलं असणार टोकन. त्यांनी उलटं-पालटं करून परत दिलं असणार. ते चालतं कुठे? फक्त इथे. मग माणूस जाणार कुठे? इथेच येणार! रुमेनच म्हणाला होता ना — गिऱ्हाईक परत इथेच येतं.

मेलेल्याला वर जायला चाळीसच दिवस. चाळिसावा दिवस सव्वीसला. त्याच्या आत सुटला नाही तर कायमचा चाकं धूत बसेल.

८ फेब्रुवारी

रुमेनला सांगितलं. त्याने डॉक्टरला फोन लावला. माझ्यासाठी!

१२ फेब्रुवारी

त्सोनाकडे गेले. पेंचोची आई, आमच्या कुंपणापलीकडे. यकृत गेलंय तिचं, पिवळी झालीय. पण जीभ शाबूत. पोरी असल्यापासून आम्ही एकमेकींना बोलतोय.

मी खुर्ची ओढली. "त्सोना, तू जाणार कधी?"

"का, माझी उशी हवीय?"

"काम आहे. दोब्रीला एक नाणं पोचवायचंय." मेलेल्याचं काही राहिलं तर पुढच्या मयताबरोबर पाठवतात, हे तिला काय सांगायचं! तिने स्वतः आईचा चष्मा तसाच पाठवला होता. पण टोकनाचं सांगितलं तेव्हा इतकी हसली की खोकल्याने निळी पडली.

"तुझा रुमेन गाढव आहे."

"बापावर गेलाय."

"आण नाणं. पण युरो आण हां. ते लेव्ह-बिव्ह तिकडे परत केलं तर मी हेलपाटे घालणार नाही."

"आणि भेटला की सांग—"

"काय सांगू?"

म्हटलं, "सांग, नळी जागेवर ठेवत जा."

तिने उशी सरळ करून घेतली. मग म्हणाली, "सव्वीसच्या आत ना? बघते. माझ्या हातात असतं तर आजच गेले असते, गं. दुखतं फार."

मी तिचे पाय चोळले. बराच वेळ.

१४ फेब्रुवारी

पितरांचा शनिवार. दफनभूमीत गहू वाटला, वाइन ओतली. घरी आले तर तिसऱ्या गाळ्यात फेसच फेस. तिकडे ओतली कशाला, घरीच पाजली असती ना!

१७ फेब्रुवारी

त्सोनाने जेवण सोडलं. मी रोज जाते. पेंचोला वाटतं, केवढी माया! मी दिवस मोजतेय आणि तीही मोजतेय, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. आज डोळे न उघडता म्हणाली, "अजून आहेत ना दिवस?" म्हटलं, "आहेत. घाई नाही." खोटं बोलले.

२० फेब्रुवारी

त्सोना पहाटे गेली.

२१ फेब्रुवारी

मी स्वतः ठेवलं. या वेळी स्वयंपाकघरात कुणी डांबलं असतं तर दार फोडलं असतं. एक युरोचं नाणं, संताचं तोंड असलेलं, घासून लखलखीत. तिच्या उजव्या मुठीत घातलं, बोटं मिटली, कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "हे दोब्रीचं. तुझं नव्हे. खर्चू नकोस." बायका दचकल्या. दचकू देत. पेंचोला विचारलं, "आणि हिचं?" तो म्हणाला, "तिचं तिला दिलंय, मावशी. खिशात आहे."

झाकण लागलं.

२२ फेब्रुवारी

दुपारी खुर्ची घेऊन बसले. काही नाही. एक टॅक्सी येऊन धुवून गेली.

२३ फेब्रुवारी

नाही.

२४ फेब्रुवारी

नाही. बरं झालं. सवयीने सूप दोन वाडगे वाढलं, दोब्रीचं मांजराला गेलं.

२६ फेब्रुवारी

चाळिसावा. गहू, पाव, वाइन, पाद्री, सगळं रीतसर. कबरीजवळ रुमेन रडला. दफनाच्या दिवशी रडला नव्हता. "आई, मला तेव्हा काय करावं सुचेना गं, म्हणून गंमत केली." म्हटलं, "नाक पूस. पोचलंय त्याला."

दुपारी गाळे गप्प. गेला माझा दोब्री. खरंच गेला. खुर्ची घरात आणून ठेवली.

२७ फेब्रुवारी

आज पहिला गाळा सुरू झाला. तिसरा नव्हे.

फेस आडवा जमिनीवर पसरत होता, कुणी अंथरलेला गालिचा घासावा तसा. गाडी नसलेली एकच बाई आमच्याकडे यायची, गालिचे घेऊन, पहिल्या गाळ्यात.

कुंपणापाशी जाऊन पेंचोला हाक मारली. "आईच्या खिशात काय घातलंस रे?"

"टोकन, मावशी. रुमेननेच दिलं. दोन्हीकडे चालतं म्हणाला होता ना? आता गावात सगळे तेच ठेवतात. गिरणीवाल्यांनीही त्यांच्या म्हाताऱ्याला तेच दिलं."

त्सोना माझ्या माणसाचं नाणं मुठीत धरून पोचवून आली. आणि स्वतः दारातून परत.

रुमेनला सांगितलंय. उद्यापासून दुपारी जेवण टाकून उठायचं आणि खुर्ची घेऊन त्याने बसायचं. जो कोणी येईल, जे काही विचारेल — उत्तर त्यानेच द्यायचं. मी देणार नाही.