आईच्या गंजातलं तेल

बाबूजी, तुमची नात आता हिमालयात नोकरी करते. तुम्ही गेलात तेव्हा ती गॅरेजच्या दारात नटबोल्ट मांडून भातुकली खेळायची. आता डॉक्टर आहे आणि अर्धं वर्ष बर्फात अडकणाऱ्या एका खोऱ्यातला दवाखाना एकटी सांभाळते. आजारी माणसं आणायला तिथं चारही चाकांना जोर असलेली गाडीच लागते. म्हणाली, "पप्पा, तुमच्याच हातची पाहिजे." मग काय, आपल्या भागातली एक जुनी जीप घेतली आणि पंधरा दिवस तिच्याखाली लोळलो. इंजिन, ब्रेक, पाटे, सगळं नव्यासारखं केलं. शेवटी पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांमधल्या त्या लोखंडी गोळ्यात, आपल्या फळीवरचं सगळ्यात जाडं तेल भरलं. नवतप्याच्या उन्हातही दम न सोडणारं. फुलचूरच्या रस्त्यावर फिरवून पाहिली, नागऱ्याच्या महादेवापुढे नारळ फोडला आणि जीप ट्रकवर चढवून दिली. त्या दिवशी मला माझाच फार अभिमान वाटला.

थंडी पडली तसा तिचा फोन आला. "पप्पा, सकाळी जीप हलूनच नाही राहिली. चाकं बांधून ठेवल्यासारखी. कशीबशी निघाली, तर मागून रडल्यासारखा आवाज येऊन राहिला." थंडी किती, म्हणून विचारलं. तिनं सांगितलेला आकडा मी बर्फाच्या कारखान्याबाहेर कधी ऐकला नव्हता. ती पुढे बोलत होती आणि मला आईचा भाताचा गंज, ते मोठं पातेलं, आठवत होतं.

त्या आठवणीत मी पंचवीस वर्षांचा आहे, लग्न ठरलंय, अंगात रग आहे. एक पहाडी ड्रायव्हर जीप घेऊन आपल्याकडे आलाय, ती त्याला त्याच्या मुलखात न्यायची आहे. तुम्ही त्याला चहा पाजता आणि तासभर विचारत बसता. सकाळी थंडी कशी असते, गाडी उघड्यावर असते का, तिकडचे मिस्त्री काय घालतात. तो म्हणतो, "उस्ताद, मोटा तेल वहाँ सुबह गुड़ बन जाता है." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तो जरा बाजूला झाल्यावर मी म्हणतो, "तुम्ही येवढे मिस्त्री, अन् ड्रायव्हरले कायले इचारून राहिले? लोक काय म्हणतीन?" तुम्ही पान्यावरचं ग्रीस पुसत म्हणता, "काऊन? इचारलं तं मी मिस्त्री नाही राहत का? तेल गाडीले पाहून नाही, गावाले पाहून टाकाव लागते."

तेवढ्यावर थांबाल तर तुम्ही कसले. मासळीबाजारातून बर्फ आणलात, आईच्या गंजात मीठ घालून कालवलात आणि त्यात दोन वाट्या रोवल्यात, एकीत जाडं तेल, दुसरीत पातळ. आई चुलीपासून ओरडली, "माह्या गंजाचा सत्यानास करून राहिले! आता त्यातला भात कोण खाईन?" तुम्ही हसत बसून राहिलात. मग जाड्या तेलातून बोट ओढलंत. रेघ पडली ती तशीच राहिली. "पाह्य. गिअरचा दाता असीच चाकोरी पाडते अन् मंग कोरडाच फिरते." पातळ तेलातली रेघ लगेच भरून आली. माझंही बोट धरून तुम्ही दोन्ही वाट्यांत फिरवलंत. बोट बधिर झालं होतं, अजून आठवतं.

म्हणजे मला माहीत होतं, बाबूजी. पोरीनं खोऱ्याखालच्या गावातल्या एका मिस्त्रीचा नंबरही पाठवला होता. मी फोन लावला नाही. इतकी वर्षं गॅरेज चालवणाऱ्यानं कुणाला विचारायचं? जाडं ते मजबूत, असं म्हणून झाकण आवळलं.

आता थंडीत न गोठणारं तेल नागपूरहून आणून ठेवलंय. खोऱ्यात ते मिळत नाही, आणि पार्सलवाला म्हणतो, रस्ता उन्हाळ्याशिवाय उघडणार नाही. खोकं तुमच्या फोटोखाली पडून आहे. तिच्या शेजारचा म्हातारा रोज सकाळी निखाऱ्यांची सिगडी आधी जीपच्या पुढच्या, मग मागच्या गोळ्याखाली ठेवतो, पोर बर्फात उकिडवी बसून ते तेल पातळ व्हायची वाट पाहते, मग कुणाला तरी आणायला निघते. आवाज वाढतोय. मला फोनवरही कळतं, दाते खाल्ले जाताहेत. एखाद्या उतारावर, गाडीत बाळंतीण असताना, चाकं जाम होतील. आणि मी इथं तेलाच्या डब्यांमध्ये बसून तिला सांगतो, हळू चालव बाई. काहीच करता येत नाही.

काल तिनं विचारलं, "पप्पा, हे तेल टाकायचं कोणी सांगितलं होतं?" माझ्या तोंडून गेलं, "तुहे आजोबा हेच टाकत." ती हसली. म्हणाली, "आजोबाले बिचाऱ्याले काय मालूम बर्फ कसा असते. जाऊ द्या." तिनं तुम्हाला माफ केलं आणि फोन ठेवला. मी गंजाचं सांगितलं नाही.

रस्ता उघडला की पार्सल जाईल. हे पत्र त्याच खोक्यात ठेवावं, तिला वाचू द्यावं, असं आज मनात आलं. खोकं उघडलंही. मग तेलाचा डबा पुन्हा नीट बसवला, वरून चिकटपट्टी लावली, आणि पत्र माझ्या खिशातच आहे.