‘खाली’चे दोन अर्थ आणि आमचं शटर

...म्हणजे परवा फोनवर तू विचारलंस, घरी सगळं ठीक ना, आणि मी हो म्हणालो, ते अर्धंच खरं होतं, इंदुआत्या. बाकीचं अर्धं शटरमध्ये अडकलंय. (आधी सा. न. लिहायचं असतं, असं आई मागून वाचून ओरडली. तर साष्टांग नमस्कार. नांदेडला पाऊस झाला का? गुडघे काय म्हणतात? ऑपरेशन झालेला डोळा अजून चुरचुरतो का? माझं मराठी अक्षर वाचताना चुरचुरेलच, सॉरी.)

तर शटर. मलकपेठच्या आपल्या घरी गाडीच्या जागेला दुकानासारखं लोखंडी शटर आहे ना, तेच. खांदा धरल्यापासून बाबा ते उचलताना दात आवळतात आणि मग आपल्याला कुणी बघितलं नाही ना, हे बघतात. मला ते बघवेना. म्हणून मी ऑनलाइन मोटर मागवली, रिमोटवाली. बाबा म्हणाले, शटरवाल्याला बोलव. मी म्हटलं, कशाला, व्हिडिओत एक माणूस चहा पिता पिता बसवतो. (त्याचा चहा शेवटपर्यंत गरम होता. माझा मुंग्यांनी संपवला.) पण आत्या, चाललं गं! बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. आईने मोटरला हळदीकुंकू लावलं. शटरने कुठे थांबायचं, ते सेटिंग तेवढं राहिलं होतं, कारण ते पुस्तिकेच्या शेवटी होतं आणि मी कुठलंच पुस्तक शेवटपर्यंत वाचत नाही, हे तुला माहीत आहे.

तेवढ्यात समोरचे मोईनभाई त्यांचा लोखंडी कूलर ढकलत आले. (पावसाळा लागला की तो आपल्याकडेच मुक्कामाला असतो.) लांबूनच ओरडले, “ओंकारमियाँ, खाली है क्या?” आता आपल्या घरात खाली म्हणजे डाउन. मला वाटलं, शटर कसं उतरतं ते त्यांना बघायचंय. मी ऐटीत “हौ!” म्हटलं आणि बटण दाबलं. ते बिचारे जागा रिकामी आहे का विचारत होते. त्यांना हौ मिळालं, त्यांनी कूलर आत सारला. शटर कूलरवर बसलं, मोटर काही थांबेना, पट्ट्या बाजूच्या खाचेतून निघून तळलेल्या पापडासारख्या वळल्या. “मियाँ, मैं जगा पूछा, तुम शटर छोड दिए!” असं म्हणून मोईनभाई जे हसत सुटले, ते अजून मला बघितलं की हसतात. कूलरला साधा ओरखडा नाही.

पण गाडी आत आहे, आत्या, आणि शटर कमरेएवढ्या उंचीवर वाकडं होऊन बसलंय. बाबांचा गुरुवार म्हणजे गौलीगुड्याच्या देवळातलं भजन, जुने मित्र, स्वतः गाडी चालवत जायचं आणि येताना डॉक्टरांनी बंद केलेली मिरची भजी खायची. ते जात नाहीयेत. कॅब करतो म्हटलं, तर म्हणाले, नको रे, आवाज बसलाय. मग बाथरूममध्ये तोच अभंग खणखणीत म्हणत होते. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो नीट.

आईचा नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा,
ओंकार

ता. क. : खरं काम हे. गुरुवारी सकाळीच बाबांना फोन कर आणि ताईच्या अधिकाराने सांग, की रिक्षाने जा, पण भजनाला जा. ते तुझंच ऐकतात. शटरचं तुला काही माहीत नाही.

आणखी एक ता. क. : पाकीट बंद करत होतो तेवढ्यात बाबा आले. मी सांगितलं, शनिवारी शटरवाला येऊन पट्ट्या सरळ करेल आणि मोटर काढून टाकेल. तर म्हणाले, “मोटर राहू दे. हात वर जात नाही रे आता.” खांद्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलले. आणि जाताना टेबलावरचा रिमोट उचलून स्वतःच्या खिशात घालून गेले. आत्या, ही माफी समजू की जप्ती? तुला काय वाटतं?