जात्याच्या जागी मिक्सर

चि. मुक्ताईस,

हडपसरहून तुझ्या वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? (दुखत असेल तरच लिही. बरा असल्याचं तू चार पानं लिहितेस.) सुदर्शन आणि तुझी सून अजून एकमेकांशी तुझ्यामार्फतच बोलतात का?

आमच्याकडे सध्या एकच विषय. रुपालीला (बद्रीनाथची थोरली, खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, माझ्यापाशी राहते) कंपनी दोन वर्षं अमेरिकेला पाठवतेय. कंपनी तयार, पोरगी तयार, मध्ये मी. आजीला एकटीला टाकून जाणार नाही म्हणते. बद्रीनाथ मला नागपूरला ये म्हणतो, पण तिथला उन्हाळा मला सोसत नाही हे ठाऊक असल्यामुळे अगदी मनापासून म्हणतो. तेव्हा मी एकटी धड राहू शकते हे पोरीला पटवायचं, एवढंच माझं काम होतं. ते मी रविवारी पुरतं घालवलं.

माझ्या लग्नानंतर आपण दोघींनी तंबूत बघितलेला तो भुताच्या घराचा सिनेमा आठवतो ना? रिकाम्या स्वयंपाकघरात जातं आपोआप फिरायचं, पीठ पडायचं, आणि माणूस कुणी नाही. त्यानंतर तू परसात जायला मला उठवायचीस, ते थेट तुझं लग्न होईपर्यंत. तर तोच सिनेमा आता नव्याने काढलाय. रुपाली म्हणाली, चल आजी, दोघी बघू. मी म्हटलं, भुताला न भिणारी आजी बघितली की पोरगी निवांत विमानात बसेल.

दारातच एका मुलीने पिशवी चाचपून माझा अडकित्ता काढून घेतला. मी म्हटलं, बाई, याने सुपारी कातरतात, सरकार पाडत नाहीत. ऐकलं नाही. आत गारठा असा की भुतानेही शाल मागावी. आणि सिनेमा? मुक्ताई, जात्याच्या जागी मिक्सर. मिक्सर आपोआप सुरू झाला तर आपण वायरमनला बोलावतो, मांत्रिकाला नाही. घर इतकं चकचकीत की जळमटंसुद्धा इस्त्री करून लावल्यासारखी. भूत कॉम्प्युटरवर केलंय म्हणे (रुपालीच्याच हापिसात कुणीतरी केलं असेल, रात्री उशिरापर्यंत बसून काय करतात ते तेव्हा कळलं). ते यायच्या आधी एवढे ढोल वाजतात की मला वाटलं नवरदेवच येतोय. घरातली माणसंही तशीच. वास्तुशांत नाही, दूध उतू घालवलं नाही, अमावास्येला सामान हलवलं, आणि वर विचारतात, हे आपल्यालाच का? मी त्यांना उत्तर दिलं, जरा मोठ्याने. पुढचा एक जण वळून म्हणाला, आजी, हळू. मी म्हटलं, बाळा, पैसे तू भुताचे दिलेस, माझं फुकट आहे.

मध्यंतरात मी बाथरूमला गेले. रुपाली सोबत येत होती, मी म्हटलं, तेवढं कळतं मला. आता एका थेटरात एक सिनेमा ही आपली रीत. इथे एका बोळात ओळीने दारं, आणि दरेक दारामागे निराळा सिनेमा. परतताना मी एक दार ढकललं, अंधारात रिकामी खुर्ची मिळाली, बसले. रुपाली दिसेना, म्हटलं लाह्या आणायला गेली असेल. पडद्यावर एक मुलगा-मुलगी बागेत गात होती. मी वाट बघतेय, आता झाडावरून भूत उतरेल. उतरेना. मग मुलाची आई आली आणि दारातच थांबून तिने मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हटलं, हीच ती. खरं सांगते, अख्ख्या रविवारात मी भ्यायले ती तिलाच. शेवटी लग्न लागलं, सगळे पेढे खायला लागले, तेव्हा मला वाटलं भूत सुनेच्या पोटी येणार.

बाहेर येऊन बघते तो रुपाली दोन पहारेकऱ्यांना घेऊन एकेक दार उघडत फिरतेय. मला बघितलं आणि मटकन खाली बसून रडायलाच लागली. मी म्हटलं, अगं हरवले नव्हते, दुसऱ्या सिनेमात होते. तर म्हणते, आजी, तू थेटरात सापडत नाहीस, तुला मी अमेरिकेतून कुठे शोधू? आता कंपनीला नाही कळवते म्हणून बसली आहे. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तिच्या वयात मला कुणी हडपसरच्या पुढे जा म्हटलं असतं ना, तर मी चप्पल घालायलासुद्धा थांबले नसते.

बाकी सगळं ठीक. सुदर्शनला आशीर्वाद सांग, सुनेलाही वेगळे सांग.

तुझी
श्यामला वहिनी

ता. क. मी रुपालीला सांगून बसले आहे की मुक्ताई आत्याआजी दोन वर्षं आपल्याकडे राहायला येतेय, तीच माझ्या मागे लागलीय. (फोनच करणार होते, पण फोन रुपालीच्या खोलीत. म्हणून हे शेजारच्या अरबाजच्या टेम्पोतून धाडते, तो उद्या फलटणला येतोय.) ती तुला विचारेल. नुसतं हो म्हण. तू लांबण लावलीस की खोटं उघडं पडतं.

दुसरा ता. क. खरोखर यायलाच हवं असं नाही. विमान उडेपर्यंत राहा, मग खुशाल परत जा. माझं मी बघेन. पोरगी तेवढी जाऊ दे.

तिसरा ता. क. येताना स्वेटर आण. थंडी पडायला अजून तीन-चार महिने आहेत, पण आण.